खरवडलेली लाल अक्षरं

मंगळवारी सकाळी नागभीडच्या पुढे माझी मुलगी वारली. गाडी ती चालवत होती. शेतातून धानाची ट्रॉली रस्त्यावर आली आणि गाडी ट्रॉलीवर गेली. मागे तिची मुलगी सीटमध्ये बांधलेली होती. तिला काही झालं नाही.

मी तेव्हा आरमोरीला घरी होते. खरं तर मीही त्यांच्याबरोबर जाणार होते. गॅसचं सिलिंडर येणार असा निरोप आला म्हणून मागे राहिले. दोघी माझ्या नणंदेकडे सिंदेवाहीला निघाल्या होत्या. तिने आदल्या दिवसापासून सांबारवड्यांची, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांची, तयारी केली होती आणि फोनवर तीनदा विचारलं होतं की पोरीले तिखट चालते का. सिलिंडर आलं. मी पावती घेत होते तेव्हा फोन वाजला.

आता त्या सीटबद्दल सांगते. माझी मुलगी आणि जावई गेली सात वर्षं अमेरिकेत होते. तिकडे लहान मुलाला अशा सीटशिवाय गाडीत बसवतच नाहीत. जाड प्लास्टिकची खुर्ची, तिला दोन्ही बाजूंनी कान, आत गादी, खांद्यांवरून आणि कमरेवरून येऊन पोटापाशी एका लाल बटणात अडकणारे पट्टे. नोव्हेंबरात मुलगी अडीच वर्षांच्या नातीला घेऊन दोन महिन्यांसाठी आली, तेव्हा ती सीटही घेऊन आली. मी नागपूरच्या विमानतळावर आणायला गेले होते. दारातून ती बाहेर आली तेव्हा आधी मला ती ओळखूच आली नाही. सीट पाठीवर, तिचे पट्टे खांद्यांत, एका हाताने ट्रॉली, दुसऱ्या हाताच्या बोटाला पोरगी. मी सीट उतरवून घ्यायला गेले तर म्हणाली, राहू दे, तीन विमानतळ झाले, आता सवय झाली.

गल्लीत त्या सीटची बरीच चर्चा झाली. नातीसाठी मखर आणलं का, असं शेजारणीने विचारलं. नणंद भेटायला आली तेव्हा तिने सीट उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "आमी तर पोरी धानाच्या पोत्यावर बसवून आनल्या. एकही पडली नाई."

"पडली नाई म्हणून तर तू सांगून राह्यली, आत्या," माझी मुलगी म्हणाली. "पडली असती तर कोणी सांगितलं असतं?"

नणंद हसली. म्हणाली, शिकलेल्या पोरीशी बोलू नये.

त्या संध्याकाळी मुलीने मला सीट बांधायला आणि सोडायला शिकवलं. गाडीत ती कशी गुडघा रोवून घट्ट करायची, विमानात खिडकीशेजारच्या जागेवर कशी बसवायची, सगळं. सीटच्या कुशीला चार चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. त्यातली एक तिने मुद्दाम दाखवली. पांढऱ्या कागदावर लाल अक्षरांत इंग्रजी ओळ होती. ही सीट मोटारीत आणि विमानात वापरण्यास मान्य आहे, एवढंच. तिन्ही विमानतळांवर तिला ती ओळ दाखवावी लागली होती. ही चिठ्ठी नसती तर सीट सामानात गेली असती, ती म्हणाली. मी एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवणं आणि ती निघाली की पुन्हा चिकटवणं हे माझं कामच होतं. मला ती चिठ्ठी फार आवडली. मी तिच्या कडा बोटाने दाबून पाहिल्या.

नातीला एक नियम शिकवलेला होता. पेट्रोल भरायला किंवा दूध घ्यायला गाडी थांबली की मुलगी मागे वळून म्हणायची, "मी आल्याशिवाय उतरायचं नाही." पोरगी मान हलवायची. आई परत येऊन बटण दाबायची, तेव्हाच ती उतरायची.

मंगळवारी रस्त्यावरच्या माणसांना ते बटण सापडलं नाही. पट्टा कापायला विळा काढला तेव्हा पोरीने एवढा आकांत केला की त्यांनी गाडीतून अख्खी सीटच सोडवली आणि तिच्यासकट जवळच्या दवाखान्यात आणली. मी पोचले तेव्हा सीट व्हरांड्यातल्या बाकावर होती आणि ती तिच्यात बसलेली होती. पायांत बूट होते. कोणीतरी दिलेलं बिस्कीट हातात तसंच होतं. मी बटणाकडे हात नेला तर तिने दोन्ही हात बटणावर ठेवले. तोंडाने काही म्हणाली नाही. डॉक्टरांनीही तिला बसल्या जागीच तपासलं होतं. दुसऱ्या खोलीत माझी मुलगी होती. तिथे मी किती वेळ होते, मला आठवत नाही. बाहेर आले तेव्हा बिस्कीट अजून हातात होतं.

तेव्हापासून ती बोलेना. त्याआधी ती दिवसभर बोलायची. आता तोंड मिटलेलं आणि डोळे दाराकडे. मधल्या खोलीत जमिनीवर सीट ठेवली होती. ती तिथेच बसायची, तिथेच चार घास खायची, तिथेच झोपायची. झोप लागली की मी तिला हळूच काढून पुसायचे, कपडे बदलायचे. जाग आली की ती रडायची नाही. उठून सीटपर्यंत चालत जायची, आत बसायची आणि पट्टे स्वतःच ओढून घ्यायची.

ती काय करते आहे, हे मला दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. ती वाट पाहत होती. आई येऊन बटण दाबेपर्यंत उतरायचं नाही, एवढं तिला माहीत होतं. आणि घरात येणारं प्रत्येक माणूस तिच्यासमोर वाकून तेच सांगत होतं, आई येते हं बाळा, आत्ता येते. शेजारणी सांगत होत्या, नणंद सांगत होती, मी सांगत होते. लहान लेकराला दुसरं काय सांगायचं, असं सगळ्यांना वाटत होतं. मी एवढी पुस्तकं वाचलेली बाई. मीही तेच सांगितलं, दिवसातून दहा वेळा.

तिसऱ्या दिवशी जावई आले. मग वैनगंगेच्या काठी अंत्यसंस्कार झाले. घरी परतल्यावर आंघोळ करून ते सीटपाशी जमिनीवर बसले. पोरीने त्यांच्याकडे पाहिलं, बोट धरलं, पण सीटमधून बाहेर आली नाही. ते मला आई म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी दोनदा मला हाक मारली आणि दोन्ही वेळा तिने झटकन दाराकडे मान वळवली. त्यानंतर त्यांनी मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही.

त्यांना रजा थोडी होती. तिकडे लहान मुलांच्या मनाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याशी बोलणं झालं आहे, लवकरात लवकर तिला न्यायला हवं, असं त्यांनी सांगितलं. माझं म्हणणं काहीच नव्हतं. तेराव्या दिवसानंतर नागपूरहून दिल्ली आणि दिल्लीहून पुढे, अशी तिकिटं काढली. पुढचा प्रवास सोळा तासांचा. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता, म्हणून मी दिल्लीपर्यंत सोबत जायचं ठरलं. आमच्यापुढे प्रश्न एकच होता. सीटमधून न उतरणारं, न बोलणारं पोर तिच्या घरापर्यंत कसं पोचवायचं. उत्तरही एकच दिसत होतं. सीट विमानात न्यायची. माझ्या मुलीने आणली होती तशीच.

सीटच्या पाठीला एक कप्पा होता आणि त्यात माहितीपुस्तिका होती. हातात छापील कागद आला की मी तो वाचते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. विमानात सीट कशी बसवायची ते एका पानावर होतं आणि त्याच पानावर खाली चौकटीत लिहिलं होतं की अपघातात सापडलेली सीट पुन्हा वापरू नये, ती टाकून द्यावी. दिसायला धड असली तरी आतून तडकलेली असू शकते. मी ती ओळ तीनदा वाचली. मग पुस्तिकेला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि कपाटात पुस्तकांमध्ये उभी करून ठेवली. जावयांना बोलले नाही. त्यांना कदाचित ठाऊकही असेल. तेही बोलले नाहीत.

दहाव्या दिवशी आमच्याकडे घर धुतात. सुतकातली अंथरुणं, पांघरुणं, कपडे, गेलेल्या माणसाने हाताळलेली प्रत्येक वस्तू धुऊन काढायची. धुता येत नाही ती द्यायची किंवा गावाच्या शिवेबाहेर ठेवायची. नणंदेने पहाटेपासून कामाला हात घातला होता. दहा दिवस ती धड जेवली नव्हती. पोरी माझ्याकडे याले निघाल्या होत्या, एवढं एकच वाक्य ती अधूनमधून म्हणायची आणि पुन्हा काहीतरी घासायला घ्यायची. मुलीची चादर, टॉवेल, चपला शिवेबाहेर गेल्या. मग ती सीटपाशी येऊन उभी राहिली.

"हे बी बाहेर ठेवा लागते, वैनी."

मी म्हणाले, हे ठेवता येणार नाही. पोरीला त्याच्याशिवाय चालत नाही आणि विमानात तेच न्यायचं आहे.

तिने सीटच्या कापडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मंग धुऊ का?"

"धुवा," मी म्हणाले.

दुपारी पोरगी झोपली होती. मी तिला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले आणि नणंद सीट मागच्या अंगणात घेऊन गेली. गादीचं कापड काढून सोड्यात भिजवल्याचा आवाज आला. बोअरचं पाणी सुटलं. मग काथ्याने घासल्याचा आवाज. शिवणीत काचेचे कण अडकले होते. ते तिने पिनेने एकेक करून काढले, हे तिने नंतर सांगितलं. शेवटी खरवडल्याचा आवाज येऊ लागला. प्लास्टिकवर लोखंड घासावं तसा. बराच वेळ येत होता. मी तो ऐकला. काय खरवडत असेल, हा प्रश्न मनात आला आणि गेला. मांडीवरचं पोर जागं होईल म्हणून मी उठले नाही.

संध्याकाळी सीट उन्हाने वाळून आत आली. कापड नव्यासारखं दिसत होतं. कुशीला चार चौकोन होते, करडे, गोंदाचे. कागद कुठेच नव्हता.

मी नणंदेला विचारलं. तिने साध्या आवाजात उत्तर दिलं. कापड धुतलं तर निघते, प्लास्टिक धुतलं तर निघते, कागदातलं निघत नाई. कागद इटाळ धरून ठेवते. त्या चिठ्ठ्यांवर डाग पडले होते. विळ्याने खरवडून, पुडीत बांधून, तिने त्या नदीत सोडल्या होत्या.

"एक बी राहू देल्ली नाई, वैनी," ती म्हणाली.

मी अंगठा त्या चौकोनांवरून फिरवला. गोंद अजून चिकट होता. तिच्या हातांची सालं निघाली होती. मी तिला म्हणाले, छान निघालं. दुसरं काही म्हणता आलं असतं का, याचा मी अजून विचार करते. त्या रात्री आणि नंतरच्या तीन रात्री मी एकच आशा धरून होते. कोणी विचारणार नाही. नागपूरला एवढी गर्दी असते, कोण कशाला विचारेल.

जावयांना मी हेही सांगितलं नाही. बोलायला म्हणून दोनदा त्यांच्यापाशी गेले आणि चहा ठेवून परत आले.

निघालो त्या सकाळी धुकं होतं. गाडीवाल्याला हळू चालवायला सांगितलं होतं आणि तो इतका हळू चालवत होता की मागच्या बस भोंगे वाजवत पुढे जात होत्या. पोरगी सीटमध्ये होती. ब्रह्मपुरी गेलं. नागभीडला सिंदेवाहीचा फाटा येतो. गाडी उमरेडकडे वळली. मी तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या रिकाम्या जागेच्या पाठीकडे बघत होती. रस्त्यावर जिथे म्हणून गाडी थांबली, तिथे तिचे डोळे दाराच्या कडीवर जायचे.

विमानतळावर आम्ही तिला सीटसकट ट्रॉलीवर ठेवलं. लोक बघून हसत होते. काउंटरवरची मुलगी नागपूरचीच असावी. तीही हसली, पोरीला हात हलवला, तिकिटं पाहिली. मग सीटकडे बघून म्हणाली की ही आत न्यायची असेल तर त्यावर विमानात चालते अशी मान्यतेची चिठ्ठी असते, ती दाखवा.

जावयांनी सीट वळवून दाखवायला हात घातला. ते ती जागा ओळखत होते. सीट त्यांनीच विकत घेतली होती. त्यांनी एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली. करड्या चौकोनांवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे वळले. मी तिथे, रांगेतल्या लोकांच्या समोर, त्यांना सांगितलं. घर धुतलं त्या दिवशी निघाल्या. त्यांनी एकदा डोळे मिटले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

काउंटरवरच्या मुलीने तिच्या वरिष्ठ बाईंना बोलावलं. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्या म्हणाल्या, चिठ्ठी नसेल तर दुसरा काही छापील पुरावा आहे का, सीटबरोबर पुस्तक येतं ते. पुस्तक आरमोरीला होतं. कपाटात. मी ठेवलं होतं. काउंटर बंद व्हायला पंचवीस मिनिटं उरली होती.

मी नणंदेला फोन लावला. ती माझ्याच घरी होती. कपाटाचा वरचा खण, खाकी कव्हर घातलेलं बारीक पुस्तक, असं मी सांगितलं.

"वैनी, इथी समदेच खाकी हायेत."

"बारीक, बाई. सगळ्यात बारीक. आत गाडीचं चित्र आहे."

एकेक पुस्तक काढून जमिनीवर ठेवल्याचे आवाज येऊ लागले. काय काय वाचते वो हे बाई, असं ती स्वतःशीच पुटपुटली. मग हाच काय, हाच असन, म्हणाली. शेजारच्या मुलीला हाक मारली. मी सांगितलं ते पान त्या मुलीने शोधलं आणि फोटो काढून पाठवला. त्या पानावर दुसरं काय आहे, हे मला माहीत होतं. पाठवा असं सांगताना मला ते माहीत होतं. फक्त वरचा भाग पाठव, असं सांगता आलं असतं. ते तोंडाशी आलं होतं. नणंद तिकडून म्हणत होती, आलं का वैनी, दिसून राह्यलं का. मी हो म्हणाले आणि फोन बाईंच्या हातात दिला.

त्यांनी वरची ओळ वाचली. तिथे लिहिलं होतं की सीटवरची लाल अक्षरांची चिठ्ठी पाहून खात्री करावी. त्या खाली वाचत गेल्या. चौकटीपाशी थांबल्या. मग फोन खाली केला आणि सीटकडे पाहिलं. एका कानाला लांब ओरखडा होता. तो कुठल्याच सोड्याने गेला नव्हता.

"मॅडम, ही सीट अपघातात होती का?"

नाही म्हणायला किती कमी वेळ लागतो. माझ्या मागे माणसं उभी होती, पोरगी ट्रॉलीवर बसून आत येण्याच्या काचेच्या दाराकडे पाहत होती, पुढे सोळा तास होते.

"हो," मी म्हणाले. "तिची आई त्यात गेली."

त्या बाई काउंटरच्या मागून बाहेर आल्या. पोरीसमोर उकिडव्या बसल्या. तिच्या बुटाची सुटलेली पट्टी त्यांनी लावली. मग उभ्या राहून हळू आवाजात मला म्हणाल्या की मी हिला ह्यात बसवून पाठवू शकत नाही. चिठ्ठी असती तरीही, हे कळल्यावर पाठवलं नसतं. सीट सामानात जाईल. मुलगी विमानाच्या खुर्चीत पट्टा लावून बसेल. तिला आता उतरवावं लागेल.

नंतर मी पुष्कळदा हिशेब मांडला. चिठ्ठी असती तर पुस्तक कोणी मागितलं नसतं आणि तो प्रश्न आला नसता. पोरगी शांतपणे गेली असती, कदाचित आतून तडकलेल्या सीटमध्ये. नणंदेने माझ्या नातीचं नुकसान केलं की तिला राखलं, हे मला ठरवता आलेलं नाही.

जावयांनी तिला उतरवायला हात पुढे केला आणि तिने दोन्ही हात बटणावर ठेवले. त्यांनी हात मागे घेतला. त्यांच्याने ते होणार नव्हतं. मी ट्रॉलीसमोर जमिनीवर बसले. माझं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. दाराकडे बघता येऊ नये म्हणून मी तशी बसले होते, पण तिने मान कलती करून माझ्या बाजूने पाहिलंच.

"आई येणार नाही," मी म्हणाले. "आजी सोडवते."

"आई येते," ती म्हणाली.

तेरा दिवसांनी तिचा आवाज ऐकला. तो बसलेला नव्हता, बदललेला नव्हता. लहान पोराला शिकवल्यासारखं ती मला समजावून सांगत होती. आम्ही सगळ्यांनी तिला जे सांगितलं होतं, ते तिने लक्षात ठेवलं होतं.

"नाही गं बाई. आम्ही खोटं सांगितलं. आई येत नाही. आता कधीच येत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिचे हात बाजूला केले. अडीच वर्षांच्या हातांत एवढा जोर असतो हे मला ठाऊक नव्हतं. मी बटण दाबलं. ती माझ्या मनगटाला चावली आणि चावलेलं मनगट सोडलं नाही. मी तिला तशीच उचलली. काउंटरच्या मुलीने सीटला कागदी पट्टी बांधली आणि ती सरकत्या पट्ट्यावर ठेवली. सीट रिकामी पुढे गेली, रबराच्या झालरीतून आत गेली. तेव्हा माझ्या खांद्यावरून तिने आईला हाक मारायला सुरुवात केली.

ती हाक मी लिहू शकत नाही. सुरक्षा तपासणीत होती, बसमध्ये होती, विमानाच्या जिन्यावर होती. मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसत होते आणि मला त्या विमानाचं काहीही आठवत नाही. ती मधल्या खुर्चीत, एका बाजूला मी, एका बाजूला तिचे वडील. कमरेचा पट्टा तिला मोठा होत होता, म्हणून मी माझा हात आडवा धरून ठेवला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं की पोराला शांत करा. पलीकडच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी लिमलेटची गोळी पुढे केली आणि ती तशीच माझ्या मुठीत विरघळली. तिचा आवाज फुटला, मग घोगरा झाला, मग नुसती हवा येऊ लागली. तोंड आईच म्हणत होतं. मी मनात म्हणत होते की हे मी केलं. तेरा दिवस मी हिला बसवून ठेवलं आणि आज ओढून काढलं. पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर निदान घरात, अंथरुणावर रडली असती.

दिल्ली यायच्या थोडं आधी ती माझ्या आडव्या हातावर डोकं टाकून झोपली.

दिल्लीला सामानाच्या पट्ट्यावर सीट उलटी होऊन आली. जावयांनी ती उचलून बाजूला ठेवली. ते म्हणाले, पुढच्या विमानातही हेच विचारतील आणि तिकडे गाडीत ही मी वापरणार नाही. सामानाच्या खिडकीवर त्यांनी काही सांगितलं, एका कागदावर सही केली आणि तिथला माणूस सीट आत घेऊन गेला. पोरगी त्यांचं बोट धरून उभी होती. तिने सीटकडे पाहिलं. मग वर त्यांच्याकडे पाहून विचारलं, "आई?"

ते तिथेच ट्रॉल्यांच्या मध्ये फरशीवर बसले. आल्याच्या त्या पहिल्या दिवसानंतर त्यांनी तो शब्द उच्चारला नव्हता. त्यांनी तिला दोन गुडघ्यांच्या मध्ये उभं केलं आणि सांगायला लागले. मी दूर जाऊन उभी राहिले. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. बराच वेळ सांगत होते. ती त्यांच्या शर्टाचं बटण धरून ऐकत होती.

परदेशी जाणाऱ्यांच्या दारापर्यंत मी गेले. तिथून पुढे माझं तिकीट नव्हतं. जावई वाकून पाया पडले आणि म्हणाले, "येतो, आई." पोरीने ह्या वेळी मान वळवली नाही. ती त्यांच्या कडेवर होती आणि तिने डोकं त्यांच्या मानेत घातलेलं होतं. दार बंद झालं. मी तिथल्या एका लोखंडी बाकावर बसून राहिले. मनगटावर दातांच्या खुणा होत्या. त्या तशाच राहाव्यात असं मला वाटलं. चार दिवसांत गेल्या.

आरमोरीला आले तेव्हा नणंद दारात होती. पुस्तकं तिने परत कपाटात लावली होती, तिला जमली तशी, उंचीप्रमाणे. पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "सीट कामी आली काय, वैनी?"

"आली," मी म्हणाले.

तिने पदराने डोळे पुसले. दहा दिवसांनी ती सिंदेवाहीला परत गेली. चिठ्ठीचं मी तिला सांगितलं नाही. पोराला खोटं सांगू नये हे मी शिकले. सत्तरीच्या बाईबद्दल मला तसं वाटत नाही. ते बरोबर की चूक, हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. नात तिकडे शाळेत जाते. गाडीत बसताना रडत नाही, असं तिचे वडील सांगतात. घरात मी एकटी आहे. रविवारी सकाळी फोन येतो. ती बोलते. इंग्रजीत बोलते. मला इंग्रजी वाचता येतं. तिचं ऐकून निम्मं समजतं.